दोन दारांचा पहारेकरी

26 मे 2017 रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचा ताफा रस्त्यावर उतरला. महिना मे आणि गाव नागपूर! माणसाने सावली शोधावी अशा उन्हात या गाड्यांच्या बॅटऱ्या कोण सांभाळीत होते? त्या पहारेकऱ्याची कुळकथा मोठी मनोरंजक आहे.

पुन्हापुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 साली केली. ती स्वभावाने सोशिक. चार्जिंग जास्त झाले तर आतले पाणी वायू होऊन उडे. मिस्त्री डिस्टिल्ड वॉटर घाली आणि काम भागे. पुढे डायनामोच्या मोटारींत ‘कटआउट’ आला. इंजिन थांबले की बॅटरीतली वीज उलटी डायनामोकडे वाहू लागे. तोच कटआउट जोड तोडून टाकी. आपल्या पहारेकऱ्याचा हा आजाच म्हणा ना!

1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. हलकी, दमदार, पण मुळीच सोशिक नव्हे. प्रमाणाबाहेर भरली तर तापून पेटेल. पार रिकामी केली तर आतून बिघडेल. म्हणून तिला हौदासारख्या दोन तोट्या हव्यात, आत येणारी निराळी आणि बाहेर जाणारी निराळी. दोहोंना एकच तोटी असती तर? बॅटरी रिकामी होताच ती बंद झाली असती, आणि मग चार्जरची वीज आत शिरणार कोठून?

मोटारीचा प्रचंड प्रवाह पहारेकऱ्याच्या नाजूक पट्टीला सोसत नाही. म्हणून तो प्रत्येक घटाचा दाब आणि उष्णता पाहतो व केवळ हुकूम देतो. दार उघडझाप करतो बाहेरचा दणकट ‘काँटॅक्टर’. हुकुमाची वीज आहे तोवरच त्याचा जोड टिकतो. ती गेली की स्प्रिंग जोड तोडते. म्हणजे पहारेकरी बेशुद्ध पडला तरी दार आपोआप बंद!

2022 साली देशात अनेक स्कूटरी पेटल्या, माणसे दगावली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून लागू झाला.

पण नियम कागदावर असतो आणि स्कूटर आपल्या जिन्यापाशी. चार किलोमीटर जास्त मिळतील म्हणून कोणी हा पहारेकरी काढून देऊ म्हणाले, तर हात जोडून नकार द्यावा. वर मुले झोपलेली असतात.