स्मृतिभ्रंशातील व्यवसायोपचार

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या माणसाला आंघोळ, कपडे, जेवण, पूजा, स्वयंपाकघरातली किरकोळ कामे शक्य तितकी स्वतःच्या हाताने करता यावीत आणि त्याला सांभाळणाऱ्यावरचा भार हलका व्हावा, यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ करतात तो उपचार. मुख्यतः सौम्य ते मध्यम अवस्थेत आणि शक्यतो रुग्णाच्या घरी तो केला जातो. गेलेली स्मृती परत आणणे हे त्याचे उद्दिष्ट नाही. रुग्ण आणि सांभाळणारी व्यक्ती यांच्याकडे येथे जोडी म्हणून पाहिले जाते. एकट्या रुग्णाला तपासून घरी पाठवले तर उपचार अर्धाच राहतो.

तत्त्व : अल्झायमरच्या विकारात नुकतेच घडलेले लक्षात ठेवणे आणि नवे शिकणे आधी अवघड होते; वर्षानुवर्षे हातात बसलेल्या कृती तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. काम अडते ते पुष्कळदा सुरुवात करताना किंवा एका पायरीवरून दुसरीवर जाताना. म्हणून तज्ज्ञ प्रश्नावलीवर थांबत नाही, काम होताना बघतो. नेमके कोठे अडते ते कळले की काम सोपे करणे, जागा बदलणे आणि मदतीची रीत बदलणे, अशा तिन्ही बाजूंनी उपाय करता येतात.

‘आजी आंघोळीला तयार होत नाहीत, अंगावर धावून येतात’ ही नेहमीची तक्रार. न्हाणीघरात उभे राहून पाहिले तर कारणे दिसू लागतात. पांढऱ्या फरशीवर पांढरे स्टूल उठून दिसत नाही. शॉवरचे पाणी एकदम डोक्यावर येते. तांब्या हातात आहे, पण पुढे काय करायचे ते सुचत नाही. उपायही तितकेच नेमके असतात : शॉवर बंद करून जन्मभराच्या सवयीची बादली आणि तांब्या, गडद रंगाचे स्टूल, भिंतीला धरायला दांडी, साबण, टॉवेल, कपडे वापरायच्या क्रमाने मांडलेले, पाणी आधी पायांवर, डोक्यावर शेवटी. सूचना एका वेळी एकच, ‘आता हात’ एवढीच. आजींच्या हातात साबण देऊन, त्यांच्या हाताला हात लावून सुरुवात करून द्यायची आणि मग आपला हात काढून घ्यायचा. सगळे आपणच उरकले तर वेळ वाचतो, पण टिकून असलेले कौशल्यही न वापरल्याने लवकर जाते.

मन रमवण्याची कामे माणसाच्या पूर्वायुष्यातून शोधली जातात आणि अवस्थेप्रमाणे उतरती केली जातात. वाती वळणाऱ्या बाईंना सुरुवातीला कापूस सरकी काढून, पिंजून वळण्यापर्यंत सगळे जमते. पुढे कापसाचे पुंजके तयार करून द्यावे लागतात. त्यानंतर वळलेल्या वाती पुडीत भरणे एवढेच उरते. वात वेडीवाकडी झाली तर घरच्यांनी ती उलगडून पुन्हा वळू नये, हे त्यांना आवर्जून सांगावे लागते. गिरणीत जन्म गेलेल्या फिटरला वाती देण्यात अर्थ नाही. त्याला नट-बोल्ट आकारानुसार निवडायला द्यावेत.

सांभाळणारी व्यक्ती : पत्नी, सून, मुलगी किंवा ब्युरोकडून आलेली मावशी. तोच प्रश्न दहाव्यांदा आला की उत्तराबरोबर हाताला काम देणे, वाद न घालता विषय बदलणे, दिवसाचा क्रम ठरवून घेणे, ठरलेल्या वेळी दुसऱ्या कोणाकडे जबाबदारी सोपवून बाहेर पडणे, हे तिच्याबरोबर बसून ठरवले जाते. प्रत्यक्ष दिवसभर सोबत असणाऱ्या मावशींना या चर्चेत बसवणे अत्यावश्यक आहे. अनेक घरांत त्यांना फक्त औषधांच्या वेळा सांगितल्या जातात.

संशोधन : या विषयातील सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी नेदरलँड्समधील नायमेखन येथे मॉड ग्राफ आणि सहकाऱ्यांनी केली, ती २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. घरी राहणारे, ६५ वर्षांवरील, सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशाचे १३५ रुग्ण आणि त्यांचे सांभाळणारे तीत सहभागी होते. पाच आठवड्यांत दहा बैठका झाल्या. पहिल्या चार बैठकांत रुग्णाला आणि सांभाळणाऱ्याला कोणती कामे मोलाची वाटतात ते ठरवले गेले. उरलेल्या सहांत ती कामे साधण्याच्या युक्त्या, घरातील बदल आणि सांभाळणाऱ्याचे प्रशिक्षण. सहा आठवड्यांनी रुग्णांचे रोजचे व्यवहार आणि सांभाळणाऱ्यांचा आत्मविश्वास दोन्ही स्पष्टपणे सुधारले होते, आणि तीन महिन्यांनीही ही सुधारणा टिकून होती. २००८ मध्ये याच चाचणीच्या खर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत दर जोडीमागे सरासरी १,७४८ युरो कमी खर्च आल्याचे त्यात दिसले. औषध नसलेल्या उपचारासाठी हे निष्कर्ष असाधारण होते.

इतरत्र ते तसेच आले नाहीत. जर्मनीतील सात केंद्रांवरील चाचणीत (२०११) दहा बैठकांचा हाच कार्यक्रम एका सल्ला-बैठकीपेक्षा सरस ठरला नाही. इंग्लंडमध्ये ४६८ जोड्यांवर झालेल्या चाचणीतही (२०२१) २६ आठवड्यांनी रोजच्या व्यवहारांत फरक दिसला नाही. तज्ज्ञांचा अनुभव, तुलनागटाला मिळणारी नेहमीची सेवा, कार्यक्रम परक्या व्यवस्थेत नेताना झालेले बदल अशी कारणे चर्चिली गेली आहेत, एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत सौम्य ते मध्यम अवस्थेसाठी व्यवसायोपचाराचा विचार करावा, अशी शिफारस आहे.

अमेरिकेत लॉरा गिटलिन यांनी रुग्णाच्या उरलेल्या क्षमतेनुसार कामे बेतून देण्याचा कार्यक्रम विकसित केला. २००८ मधील ६० जोड्यांच्या प्राथमिक चाचणीत सतत मागेमागे फिरणे आणि तेच ते विचारणे कमी झाले. सांभाळणाऱ्यांना स्वतःसाठी तास मिळाले, ही नोंद या लेखकाला विशेष महत्त्वाची वाटते.

मूल्यमापनाची साधने : ॲन फिशर यांची काम पाहून गुण देण्याची पद्धत, क्लॉडिया ॲलन यांच्या आकलनपातळ्या.

भारत : आशियातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी ते उभारले. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटनाही (१९५२) त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. इतकी जुनी परंपरा असूनही आपल्याकडे बहुतेक कुटुंबे व्यवसायोपचाराकडे पोहोचतात ती पक्षाघातानंतर किंवा मुलांच्या वाढीच्या अडचणींसाठी; स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर त्याची चिठ्ठी क्वचितच मिळते. साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही संख्या पाहता ही उणीव गंभीर आहे.

गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी (२००८) व्यवसायोपचाराची नव्हे, पण तिचा निकाल येथे लागू पडतो. प्रशिक्षित स्थानिक गृहसल्लागार घरी जात. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यावर देखरेख ठेवत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. रुग्णाच्या वागण्यात आणि कार्यक्षमतेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. घरभेटीचे हे जाळे आणि व्यवसायोपचारतज्ज्ञाचे कौशल्य एकत्र आणणारी सेवा जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर उभी राहणे निकडीचे आहे.

कायदा : राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ मध्ये व्यवसायोपचाराचा समावेश आहे.