कोणता खंड, कितवे पान?



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार शब्द लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही गिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली, जे शिकलो ते वाचनातून. म्हणून वाचनाचाच थोडा इतिहास सांगतो. सुरुवात मात्र आमच्या फजितीपासून करावी लागेल.

मागे एका जयंतीला आम्ही भाषण केले. बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य ठासून सांगितले, टाळ्याही पडल्या. सभा उठल्यावर वस्तीतली कॉलेजात जाणारी एक पोरगी जवळ आली. म्हणाली, "काका, हे वाक्य कोन्त्या खंडात हाये? मले प्रोजेक्टमधी लिहाचं हाये." आम्ही गप्प. वाक्य मोबाईलवर आलेल्या एका चित्रावरून उचलले होते. मग तिने आणि आम्ही मिळून तीन रात्री शोधले. नाही सापडले.

त्या रात्रींत आम्हाला कळले की आपल्या हातात केवढे ग्रंथालय आले आहे, आणि ते इथवर कसे पोचले.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज बुडवले गेले आणि पुस्तके समुद्रात गेली. पण माणूस थांबला नाही. पुन्हा लंडनला जाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसला. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून.

१९५६ नंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. नागपूरचे वसंत मून संपादक झाले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. पुढे एकामागून एक खंड आले. तरी वडनेर भोलजीसारख्या गावातल्या पोराला ते बघायला मिळणे कठीणच. हायवे गावावरून जातो, पण पुस्तकासाठी नांदुरा नाहीतर मलकापूर गाठा, तिथे नसले तर अजून पुढे जा.

आज केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे इंग्रजी खंड फुकट उघडतात. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश मोबाईलवर वाचता येतो. खरगपूरच्या आयआयटीने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. गांधीनगरहून चालणारे 'शोधगंगा' आहे, त्यात देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध वाचायला मिळतात. जे समुद्रात बुडाले, पेटीत अडकले, ते आता खिशात आले आहे.

पण खिशात आले म्हणजे डोक्यात आले असे नाही. शोधायचे कसे, हे शिकावे लागते. त्याचा उत्तम धडा पहिल्याच खंडात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात त्यांनी सेनार्त, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या पुढे मांडल्या. कोणाचे काय बरोबर, कोणाचे कुठे कमी पडते, ते तपासले आणि मगच स्वतःचे मत सांगितले. कोणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मानले नाही, अन् आपल्याला पटत नाही म्हणून झिडकारलेही नाही. संशोधन म्हणतात ते हेच.

त्या पोरीने आम्हाला जी रीत शिकवली ती अशी. वाक्य मिळाले की आधी विचारा, हे कोण म्हणाले, कुठे, कोणत्या साली? मग खंड उघडून अनुक्रमणिका बघा. शोधाच्या चौकटीत पूर्ण वाक्य टाकू नका, एकदोन नेमके शब्द टाका. खंड इंग्रजी असल्यामुळे शब्दही इंग्रजीच हवेत. मराठी भाषणांसाठी अठराव्या खंडाचे तीन भाग आहेत. काही स्कॅन केलेल्या पानांत शब्द शोधता येत नाही, तिथे डोळ्यांनीच वाचावे लागते. वाक्य सापडले तरी मागचे-पुढचे पान वाचा. कित्येकदा लेखक आधी दुसऱ्याचे मत सांगतो आणि पुढच्या पानावर ते खोडून काढतो. शेवटी वहीत खंड, पान, साल लिहा. नाही सापडले तर "सापडले नाही" असेच लिहा. त्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, विचार चांगला असला म्हणजे झाले. नाही बंधूंनो. न बोललेले एक वाक्य आपणच बाबासाहेबांच्या तोंडी घातले, तर उद्या विरोधक त्यांचे खरे वाक्यही खोटे म्हणायला मोकळा होतो. गिरणीत धागा तुटला की आधी टोक शोधावे लागते, नुसती गाठ मारून कापड होत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. विहारात दर रविवारी तासभर मुलांनी बसावे. प्रत्येकाने एक वाक्य आणावे, पण खंड आणि पान यांच्यासह. मोठ्यांनीही बसावे. पहिल्या रविवारी आम्ही येऊ, ते जयंतीचे वाक्य घेऊन, आणि सर्वांसमोर सांगू की हे आम्हाला सापडले नाही.

एवढे लिहून थांबतो. जयभीम.