चांद्याचं स्कॉटिश मिशन आणि कुळांच्या नोंदी

मुलचेऱ्यात चांदा मिशनचा विषय कशाला, असं विचाराल. अहो, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होईपर्यंत आपला जिल्हा तोच होता! तिथं स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं. तिथले अलेक्झांडर वुड पुढे, १९२६ मध्ये, नागपूरचे बिशप झाले. मला मात्र बिशपपेक्षा चर्चच्या रजिस्टरात रस. बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदी जोडल्या की घराच्या पिढ्या लागतात. गोंड कुळांची वंशावळ परधान किंगरीवर गातो. माझ्या मते तेही दप्तरच.

हा निव्वळ अभ्यासकाचा छंद नव्हे. वनहक्क कायद्यात बिगरआदिवासी कुटुंबाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. वंशावळ पुराव्यात धरतात. म्हाताऱ्यांचा जबाबही चालतो, पण लेखी हवा. तेवढं लिहून घ्या, म्हातारे आहेत तोवर.