होडीचं मशीन, ई-२० पेट्रोल आणि वॉरंटीचा कागद

स्कूटर आणि होडीचं आउटबोर्ड मशीन, दोघांचं पेट्रोल एकाच पंपावरून येतं. नियम मात्र वेगळे आहेत. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये देशातलं सरासरी मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. बड्या आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा वर्षानुवर्षं १० टक्केच छापलेली आहे. मालवण-वेंगुर्ल्यापासून काणकोण-कारवारपर्यंतच्या छोट्या होडीवाल्याचा प्रश्न इथेच सुरू होतो. ट्रॉलर डिझेलवर चालतात, त्यामुळे त्यांना इथेनॉलचा त्रास नाही.

मशीन इतकं नाजूक का झालं?

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये साधारण चौथा हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, आणि आउटबोर्डचा धूर पाण्यात सोडलेला असल्याने ते थेट पाण्यात जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९६ मध्ये यावर पहिला नियम केला. १९९८ ते २००६ या काळात नव्या मशीनमधून निघणारे हायड्रोकार्बन सुमारे ७५ टक्क्यांनी कमी करायचे होते. २०१० पासून मर्यादा आणखी कडक झाली, कार्बन मोनॉक्साइडही तीत आला. टाकी आणि पाइपमधून उडून जाणाऱ्या वाफेवरही बंधन आलं. युरोपनेही आपले नियम घट्ट केले.

कंपन्यांनी मग फोर-स्ट्रोक आणि फ्युएल इंजेक्शनचा रस्ता धरला. तीच मशीनं आपल्या बंदरांवरही येतात. ती तेल कमी पितात, आवाज कमी करतात, पण इंजेक्टरची भोकं बारीक असल्याने पाणी आणि गाळ त्यांना अजिबात चालत नाही. जुनं केरोसीनवरचं मशीन कसलंही पेट्रोल पचवायचं, नवं तसं नाही.

टाकीत काय होतं?

इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलात मिसळून जळून जातं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलापासून सुटतात आणि टाकीच्या तळाला बसतात. याला फेज सेपरेशन म्हणतात. १० टक्के मिश्रणाचं पेट्रोल १५ अंश तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी धरून ठेवतं. २५ लिटरच्या टाकीत हे पाणी सव्वाशे मिलिलिटर होतं, म्हणजे चहाचा एक कप. ई-२० याहून जास्त पाणी धरतं, पण एकदा सुटलं की तळाचा थरही जाड होतो. दिवसा उन्हात पेट्रोलात मुरलेलं पाणी रात्री टाकी गार झाली की बाहेर पडू शकतं. आणि मशीनची नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच.

टू-स्ट्रोकमध्ये हे अधिक वाईट. तेल मिसळलेलं असतं ते वरच्या पेट्रोलात. तळाच्या थरात ते जवळजवळ नसतं. तो थर इंजिनात गेला तर पिस्टनला वंगण मिळत नाही आणि मशीन जाम होऊ शकतं. समुद्रात तीन-चार मैलांवर वारा उलटा असताना असं झालं तर दुरुस्तीच्या खर्चाची आठवणही येत नाही.

एवढं पाणी येतं कुठून? हवेतल्या दमटपणाला दोष दिला जातो, पण खरा चोर बहुतेक वेळा सैल झाकण, उघडा राहिलेला हवेचा स्क्रू किंवा फाटलेला वॉशर असतो. पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी काठावर ओढलेली असते तेव्हा टाकीत उरलेलं पेट्रोल सगळ्यात धोक्याचं. ते वेळीच काढून दुसरीकडे वापरून टाकावं. हंगामाला ताजं पेट्रोल भरावं आणि १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा, खाली पारदर्शक वाटी असलेला फिल्टर टाकी आणि मशीन यांच्यामध्ये बसवावा. वाटीत पाणी दिसलं की लगेच कळतं.

इथेनॉल जुन्या रबरी पाइपला आणि हाताने दाबायच्या फुग्यालाही मऊ करतं, टाकीतला जुना चिकट गाळही सोडवतं. पहिल्या काही टाक्यांत फिल्टर तुंबतात ते त्यामुळेच. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे ई-२० वर तेवढंच अंतर कापायला साधारण सहा-सात टक्के जास्त पेट्रोल लागू शकतं. कार्ब्युरेटरचं मशीन हा फरक स्वतः सांभाळू शकत नाही, ते पातळ मिश्रणावर तापतं. अमेरिकेत तर १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल होडीत भरायला कायद्यानेच मनाई आहे आणि पंपावर तशी चिठ्ठी लावलेली असते.

वॉरंटी कशाची असते?

वॉरंटी कारखान्याच्या दोषाची असते. खराब पेट्रोल, पाणी, मर्यादेबाहेरचं इथेनॉल यांनी झालेलं नुकसान बहुतेक कागदांत बाहेर ठेवलेलं असतं. मच्छीमारी किंवा पर्यटकांची फेरी हा धंद्याचा वापर धरला जातो आणि त्याची मुदत हौशी वापरापेक्षा कमी असते. अमेरिकेत धुराच्या नियमांसाठी वेगळी वॉरंटी द्यावी लागते, ती तिथल्या कायद्याची. ईपीएची चिठ्ठी चिकटवलेलं मशीन बाहेरून आणलं म्हणून ती हमी इथे लागू होत नाही.

मशीन घेतानाच विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: या मॉडेलला ई-२० चालतं का, आणि धंद्याच्या वापराला वॉरंटी किती. तोंडी ‘चालेल हो’ दाव्याच्या वेळी टिकत नाही. पेट्रोलची पावती, सर्व्हिसचं पुस्तक आणि फिल्टर बदलल्याची तारीख जपून ठेवावी. मशीन बिघडलं तर टाकीतलं पेट्रोल ओतून न टाकता एका स्वच्छ बाटलीत थोडं ठेवावं. बिघाड पेट्रोलाने झाला की दोषाने, हा वाद त्यावरच ठरू शकतो.

दाद मागायची वेळ आली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही असं सांगून होडीवाल्याला परत पाठवलं जाऊ शकतं. पण स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे आणि एक मशीन चालवणारा मच्छीमार तिच्या आधारे दाद मागू शकतो. ५ लाखांपर्यंत किंमत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते, त्यामुळे मशीन पणजीत घेतलेल्या कारवारच्या माणसाला गोव्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून.