गळ: नखाएवढ्या आकड्याची कुळकथा

मानवतचं नाव निघतं ते कापसाच्या बाजारपेठेमुळे. पण गावाच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि उत्तरेला दुधना. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि तिचा काठ म्हणजे गंगथडी. वैशाखात पात्र आटलं की पाणी डोहांपुरतं उरतं आणि मासे तिथे गोळा होतात. मग उन्हं वर यायच्या आत काठी, दोरी आणि गांडुळांचा डबा घेऊन माणसं काठाशी बसतात.

त्यांच्या दोरीच्या टोकाचा गळ तळहातावर घेऊन पाहावा. वर दोरी ओवायला नेढं, खाली बाक, आणि टोकाजवळ आतल्या बाजूला बारीकसा उलटा काटा. सगळी करामत या काट्याची. टोक तोंडात शिरताना काटा आडवा येत नाही, निघताना मात्र रुतून बसतो. तरीही दोरी क्षणभर ढिली पडली तर मरळीसारखा दांडगा मासा झटका देऊन सुटतो. म्हणून जुनी माणसं पोरांना आधी दोरी ताणून धरायला शिकवतात, मासा ओढायला नंतर.

या आकड्याचं कूळ फार जुनं आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर सकितारी गुहेत शिंपल्यापासून घासून केलेले गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. धातू माणसाच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी हा बाक त्याला सुचला होता. संस्कृतात गळाला ‘बडिश’ म्हणतात. सुश्रुताने शस्त्रक्रियेची जी २० शस्त्रं सांगितली, त्यांतल्या एका आकड्यासारख्या शस्त्राचं नाव बडिशच आहे. मासेमाराचं हत्यार असं वैद्याच्या हाती गेलं.

आपल्या मुलखापुरतं बोलायचं तर गळाच्या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं पान बाराव्या शतकातलं आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. पाच विंशतींचे मिळून त्याचे शंभर अध्याय. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथातली. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. मासे समुद्रातले कोणते नि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते नि बिनखवल्यांचे कोणते, त्यांना काय खाऊ घालायचं आणि गळाने कसं धरायचं, हे सगळं त्यात आलं आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहिला आणि ते अभ्यासकांसमोर आणलं.

माझं म्हणणं असं की ग्रंथावर नाव राजाचं असलं तरी त्यातलं ज्ञान नदीकाठचं आहे. कोणता मासा तळाशी राहतो, कोणता कशाला भुलतो, हे राजवाड्यात बसून कळत नाही. ते पाण्यात पाय घालून उभं राहणाऱ्यांनी सांगितलं असलं पाहिजे.

गळाने भाषेतही घर केलं. ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष, निरामिष या शब्दांत तो अजून शाबूत आहे. गळाला मांसाचा तुकडा लावायची रीत पडली आणि आमिष म्हणजे भुलवण झाली. आपण कुणाला गळ घालतो, कुणी कुणाच्या गळाला लागतो. बगाडाच्या जुन्या प्रथेत नवसकरी पाठीत टोचून घेत तो आकडाही गळच.

दूर उत्तरेला, फिनलंड-नॉर्वेच्या टोकाकडे, हाच गळ हिवाळ्यात बर्फाखाली उतरतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं आणि खाली मासे जगतात. तिथली माणसं गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि आखूड काठीने गळ सोडून बसतात. उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, तेव्हा त्याच तळ्यांवर रात्रभर काठ्या पडलेल्या असतात. आमच्याकडे उलटं: पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून मासा भर दुपारी खोल डोहात दडतो आणि पहाटे-सांजेला चाऱ्यावर येतो. मासा कुठे विसावला आहे ते ओळखायचं आणि तिथे गप्प बसून राहायचं, ही विद्या मात्र दोन्हीकडे एकच.

आमच्या डोहांचं गणित आता बदललं आहे. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण पुरं झालं. पुढे ढालेगाव, मुद्गल इथे बंधारे आले. कोणत्या महिन्यात नदीला किती पाणी असणार, हे पावसाइतकंच धरणाच्या दारांवर ठरू लागलं. कोणता डोह बारमाही, चढणीचा मासा कुठल्या वळणावर थांबतो, हे पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं भोयांचं ज्ञान त्यामुळे जुनं होत चाललं आहे, आणि ते सारं तोंडी आहे.

नऊशे वर्षांपूर्वी राजाने लिहवून घेतलं, म्हणून ते आपल्याला वाचता येतं. गंगथडीच्या शाळांतल्या मुलांनी एका उन्हाळी सुट्टीत आपल्या आज्याशेजारी डोहाकाठी बसावं. माशांची गावठी नावं, त्यांचा चारा, त्यांच्या वेळा वहीत उतरवाव्यात. मत्स्यविनोदाचं पुढलं प्रकरण त्या वहीत सुरू होईल, आणि या वेळी त्यावर सांगणाऱ्याचंही नाव असेल.