महसीर, दख्खनी

महसीर, दख्खनी (टॉर खुद्री) : सायप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्यातील मासा. मराठीत यास ‘खडशी’ असेही म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून या जातीचे वर्णन केले. खवले मोठे, ओठ जाड व मिशांच्या दोन जोड्या असतात. घशातील दातांनी तो शिंपले, गोगलगायी फोडतो. कीटक व पाण्यात पडलेली फळेही खातो.

वाहत्या, खडकाळ पाण्यात तो राहतो. गळाला लागताच मुसंडी मारून दोर खेचत नेतो, म्हणून हौशी गळकरी त्याच्यामागे असतात. आमिषासाठी पिठाचा गोळा किंवा धातूचा चमचा वापरतात. मासा ओल्या हातांनी धरून, काटा काढून लगेच पाण्यात सोडणे इष्ट असते.

धरणे, प्रदूषण व सुरुंगाने होणारी मासेमारी यांमुळे त्याचे अधिवास आक्रसले. टाटा पॉवर कंपनी लोणावळ्याच्या वळवण येथे १९७० च्या दशकापासून महसिराचे बीज तयार करते. महाडजवळच्या वाळणकोंड येथील डोहात आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेत देवाचे मासे म्हणून महसीर राखले जातात. तेथे गळ टाकत नाहीत.