सरांना द्यायचे राहिलेले उत्तर

दहावी 'ब'च्या वर्गात सरांनी फळ्यावर लिहिले होते : 'उत्प्रेरक अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवतो.' उदाहरण डालड्याचे : तेल, हायड्रोजन आणि निकेल. मी विचारले, "सर, भागच घेत नाही, तर वेग वाढतो कसा?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मलाही नीट सांगता येणार नाही. तू शोध आणि मला येऊन सांग."

पुढे औषधांच्या कारखान्यात तीस वर्षे गेली. उत्तर मिळाले, सांगायला जायचे राहिले. आता सर नाहीत, म्हणून इथे लिहितो.

फ्रान्समधील तुलूझ येथे १८९७ साली पॉल साबातिए यांनी सेंदेरांस यांच्यासह एथिलीन आणि हायड्रोजन तापलेल्या निकेलवरून सोडले. एथेन मिळाला. साबातिए यांचे मत असे, की निकेल हायड्रोजनशी क्षणभर संयुग बनवते, तो एथिलीनला देते आणि मोकळे होते. म्हणजे भाग घेतेच! १९०१ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच युक्ती द्रव तेलावर वापरली. आपला डालडा त्याच वाटेने आला. साबातिए १९१२ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

कार्बनला कार्बन जोडणे त्याहून अवघड. ते पॅलेडियमने सोपे केले. जपानमध्ये मिझोरोकी (१९७१), अमेरिकेत हेक (१९७२), पुढे नेगिशी. आणि १९७९ साली, आपण बोर्डाची परीक्षा दिली त्याच वर्षी, होक्काइदो विद्यापीठात सुझुकी व मियाउरा. सुझुकींच्या पद्धतीत पॅलेडियम एका रेणूतील कार्बन आणि ब्रोमीन यांच्यामध्ये शिरते, बोरॉन असलेल्या दुसऱ्या रेणूकडून कार्बन घेते, दोन्ही कार्बनांची गाठ बांधते आणि पुढच्या जोडीकडे वळते. म्हणून ते थोडेसेच पुरते. आपल्यापैकी काही जण रक्तदाबासाठी लोसार्टन घेत असतील. ते तयार करण्यासाठी मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी हीच जोडणी वापरली होती.

२०१० चे नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळाले. मिझोरोकी १९८० मध्येच वारले होते, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

सर, उत्तर एवढेच : फळ्यावर 'भाग न घेता'ऐवजी 'खर्च न होता' हवे होते.

मित्रमैत्रिणींनो, तुमचेही कुणाला काही सांगायचे राहिले असेल, तर या मेळाव्यात सर आणि बाई समोर बसले आहेत. आजच सांगून टाका.